संस्था बंद पडली तरी चालेल असं सर्टिफिकेट: बेळगावातल्या कामाच्या नोंदी

१० जून २०२५

कालच्या मीटिंगमध्ये काम पास झालं. संस्थेच्या शॉर्ट टर्म कोर्सची सर्टिफिकेटं ह्या बॅचपासून डिजिटल सहीची आणि ब्लॉकचेनवर (जगभरच्या पुष्कळ कॉम्प्युटरांवर एकसारखी ठेवलेली, मागची नोंद बदलता न येणारी वही) तारीख नोंदवलेली द्यायची, कागद सोबत असणारच. कोर्स साधे आहेत, व्हीएमसी (धातूचे पार्ट कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन) ऑपरेटर, टॅली-जीएसटी, पेशंट केअर, शिवणकाम. पोरं येतात येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, नंदगडहून, बॉर्डरपलीकडच्या चंदगडहून पण येतात, आणि कोर्स झाला की काही उद्यमबाग नाहीतर मच्छेला लागतात आणि बरीच कोल्हापूरकडं कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीला जातात. खरी अडचण तिथंच सुरू होते, कारण कागलच्या एचआरला बेळगावची आमची छोटी संस्था माहीत असायचं काही कारणच नाही. तो म्हणतो व्हेरिफिकेशन लेटर आणा. पोरगं परत बस पकडून इकडं, ऑफिसातले काका रजिस्टर शोधणार, सेक्रेटरींची सही, तोवर ती जागा दुसऱ्याला गेलेली असते.

आणि हे संस्था चालू असताना. शहरातली एक जुनी टायपिंग-कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट काही वर्षांपूर्वी बंद झाली, चालवणारे वारले, रजिस्टरं कुणाकडं आहेत पत्ता नाही, तिथं शिकलेल्यांच्या हातात लॅमिनेशन केलेला कागद आहे पण तो खरा आहे म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून ह्या कामाला एकच कसोटी लावायची ठरवलीय. आमची संस्था उद्या बंद झाली, वेबसाईट गेली, फोन उचलायला कुणी नसलं, तरी पोराचं सर्टिफिकेट खरं आहे का हे समोरच्याला स्वतःच्या मोबाईलवर तपासता आलं पाहिजे. ह्या कसोटीला जे टिकत नाही ते घ्यायचं नाही, कितीही भारी दिसू दे.

१४ जून

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, डिजिलॉकर आहे की ओ, मग हे कशाला. प्रश्न बरोबरच आहे. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यातले इश्यू झालेले डॉक्युमेंट २०१६ च्या नियमांप्रमाणे ओरिजिनलच्या बरोबरीचे धरतात, डिग्री-मार्क्स कार्डसाठी नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी आहे, २०२१ पासून क्रेडिट बँक पण आलीय. एसएसएलसी (दहावी), पीयूसी (बारावी), डिग्री ह्यासाठी पोरांनी तेच वापरावं, मी स्वतः सगळ्यांना खातं उघडून देतो. पण आमचे कोर्स त्या यादीत नाहीत, आणि फौंड्रीत लागायला एसएसएलसीच्या मार्कांपेक्षा आमचा व्हीएमसीचा कागदच जास्त बघतात.

बाकी कुणी काय केलंय तेही वाचून काढलं. सायप्रसच्या निकोसिया युनिव्हर्सिटीनं २०१४ मध्येच त्यांच्या ऑनलाईन कोर्सची सर्टिफिकेटं बिटकॉइनच्या चेनवर नोंदवली होती. एमआयटीनं २०१७ मध्ये १११ विद्यार्थ्यांना मोबाईलमध्ये ठेवायची डिग्री दिली, त्यामागचं ब्लॉकसर्ट्स हे स्टँडर्ड २०१६ पासून सगळ्यांसाठी उघडं आहे. सिंगापूरनं २०१९ मध्ये ओपनसर्ट्स काढलं. आपल्याकडं एनआयसीचं (केंद्र सरकारचं कॉम्प्युटर खातं) ब्लॉकचेन सेंटर २०२० मध्ये बेंगळुरात सुरू झालं आणि सीबीएसईनं २०२१ मध्ये त्यांच्या मदतीनं निकालाचे डॉक्युमेंट चेनवर घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आम्ही काही नवीन शोध लावायला चाललोय असं नाही. ब्लॉकसर्ट्सचं मला पटलं ते एवढंच की त्यात सर्टिफिकेटची फाईल विद्यार्थ्याकडं असते, ते तपासायला एमआयटीच्या ऑफिसला विचारावं लागत नाही. ज्या कंपनीनं ते एमआयटीबरोबर बनवलं ती २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, पण कोड आणि नियम उघडे असल्यामुळं कंपनीचं काही का होईना, कागद तिच्यावर अवलंबून राहिला नाही. आमच्या कसोटीच्या जवळ जाणारं हेच.

२१ जून

इंजिनिअरिंगची दोन पोरं मदतीला आलीत, शेवटच्या वर्षाची, त्यांच्यासाठी म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो, आणि कमिटीतल्या लोकांनी पण वाचावं.

चेनवर सर्टिफिकेट जात नाही. नाव जात नाही, मार्क जात नाहीत, फोटो तर नाहीच. सर्टिफिकेटची फाईल एसएचए-२५६ मधून काढली की ३२ बाइटचा ठसा मिळतो, फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो, आणि ठशावरून फाईल परत काढता येत नाही. बॅचमधल्या सगळ्यांचे ठसे दोन-दोन जोडून परत ठसा काढायचा, परत जोडायचे, असं करत वर एकच ठसा उरतो, ह्यालाच मर्कल ट्री म्हणतात, राल्फ मर्कलनं १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट आहे, ब्लॉकचेनच्या कितीतरी आधीची. चेनवर फक्त तो वरचा एक ठसा जातो. प्रत्येक पोराला त्याच्या फाईलबरोबर वरपर्यंत जायची वाट देतो आपण, ६४ जणांच्या बॅचला ६ ठसे पुरतात, म्हणजे १९२ बाइट, बस.

एका ठिकाणी मात्र जपावं लागतं. ठशावरून फाईल काढता येत नाही हे खरं असलं तरी आमच्या फाईली छोट्या आहेत, नाव, जन्मतारीख, कोर्स, ग्रेड. एखाद्याला पोराचं नाव आणि जन्मतारीख माहीत असली तर तो ए, बी, सी करत सगळ्या ग्रेड घालून बघू शकतो आणि कुठला ठसा जुळतो त्यावरून ग्रेड कळली. म्हणून प्रत्येक फाईलमध्ये १६ बाइटचा रँडम मसाला घालायचा, सॉल्ट, तो फक्त त्या पोराच्या फाईलमध्ये. २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायलाच पाहिजे होतं, कारण चेनवरचं पुसता येत नाही आणि १९ वर्षांच्या पोराची ग्रेड कायमची चव्हाट्यावर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

२४ जून

एका कंपनीचा माणूस येऊन गेला, प्रायव्हेट ब्लॉकचेन देतो म्हणाला, डॅशबोर्ड, लोगो, सगळं रेडी, वर्षाची फी. नोड, म्हणजे वहीची प्रत सांभाळणारे कॉम्प्युटर, किती विचारलं, तीन. तिन्ही कुणाकडं, तर त्यांच्याच क्लाउडवर. मग ती चेन म्हणायची कशी? तिन्ही नोड एकाच मालकाचे असले की तो हवं तेव्हा जुनी नोंद बदलू शकतो आणि फी थांबली की बंद पण करू शकतो. हायपरलेजर फॅब्रिकसारखी परवानगीवाली चेन वाईट असते असं मी म्हणत नाही, पाच-सहा युनिव्हर्सिट्या एकमेकांवर पूर्ण विश्वास नसताना एक वही सांभाळणार असल्या तर तिथं ती बरोबर. आमच्यासारख्या एकट्या संस्थेला ती नको.

पब्लिक चेनच घ्यायची, बिटकॉइन, ओपनटाईमस्टॅम्प्स मधून. ते २०१६ पासून फुकट चालू आहे, जगभरातून आलेले हजारो ठसे एकत्र करून एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकतात, त्यामुळं आम्हाला कॉइन विकत घ्यायला लागत नाही, वॉलेट नाही, काही नाही. खजिनदारांना ऑडिटची काळजी होती, २०२२ पासून क्रिप्टोच्या फायद्यावर ३० टक्के टॅक्स आणि १ टक्का टीडीएस आहे म्हणून. त्यांना दाखवलं की आपल्या हातात कॉइन येतच नाही, विकत घेणं नाही विकणं नाही, मग ते मोकळे झाले.

३ जुलै

पाऊस जोरात, दिवसभर ऑफिसात रजिस्टर घेऊन बसलोय. कोडपेक्षा हे काम मोठं निघालं आणि मला आवडलं पण, कारण इथं चूक झाली तर पुढं चेनवर चूकच पक्की होते.

काकांचं रजिस्टर म्हणजे लांब खतावणी, निळी शाई, पोराचं नाव मराठीत, शेजारी इंग्लिश कॅपिटलमध्ये, लाल पेनानं कोर्सचा कोड, शेवटच्या कॉलममध्ये सर्टिफिकेट नेल्याची सही. एका पानावर एकाच पोराच्या नावाच्या तीन तऱ्हा सापडल्या. एसएसएलसीच्या कार्डावर कन्नड आणि इंग्लिश, इकडं बऱ्याचदा स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, कधी आडनावाचं नुसतं इनिशियल. आधारवर वेगळं. आणि पोरगं मराठीत लिहिताना आडनाव आधी लिहितं, वडिलांचं नाव मध्ये घालून नाही तर शेवटी, जसं कोल्हापूरच्या कॉलेजात फॉर्म भरायला लागतो. कागलला एचआर जो नकार देतो तो पुष्कळदा खोट्या सर्टिफिकेटमुळं नाही, नाव जुळत नाही म्हणून. बॉर्डरवर राहणाऱ्याला हे सांगायला नको, शाळा एका लिपीत, घर दुसऱ्या लिपीत, नोकरी तिसऱ्या लिपीत.

म्हणून फाईलमध्ये नाव तिन्ही लिप्यांत जाणार, कन्नड, मराठी, इंग्लिश, आणि प्रत्येकापुढं कुठल्या डॉक्युमेंटवरून घेतलं ते. आम्ही आपल्या मनानं लिप्यंतर करायचं नाही. छापून प्रूफ शीट काढायचं, पोरानं वाचून सही करायची, त्याशिवाय ठसा काढायचाच नाही. ऑफिसच्या मॅडमनी अजून एक सुचवलं, लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींसाठी जुनं सर्टिफिकेट बदलायचं नाही, नवं नाव सांगणारी वेगळी सही केलेली चिठ्ठी जोडायची. एकदम बरोबर, घेतलं.

५ जुलै

हे जरा बारीक आहे पण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. टेस्टसाठी कुऱ्हाडे असं आडनाव घातलं. एका लॅपटॉपवर टाईप केलेलं आणि दुसऱ्यावर टाईप केलेलं, स्क्रीनवर डोळ्याला तंतोतंत एक, ठसे मात्र वेगळे. कारण तो ऱ्ह दोन तऱ्हेनं लिहिता येतो, एका कीबोर्डवर वेगळा ऱ घेऊन, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कोड. युनिकोड नॉर्मलायझेशन चालवलं की नुक्त्याचे फरक जुळून येतात, पण हा न दिसणारा कोड तसाच राहतो. ॲ चं पण तेच, दोन तऱ्हा. जेसन (माहिती साध्या मजकुरात मांडून ठेवायची पद्धत) फाईल एकाच ठरलेल्या पद्धतीनं लिहायचा जो २०२० चा नियम आहे, आरएफसी ८७८५, तो कॉमा, स्पेस, क्रम सगळं सरळ करतो पण अक्षरांना हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

तर नियम असा झाला की तपासणाऱ्यानं नाव परत टाईप करायचं कधीच नाही. ज्या बाइटांवर सही झाली तेच बाइट सर्टिफिकेटवर छापलेल्या क्यूआरमध्ये, तेच फाईलमध्ये, माणसानं फक्त वाचून कागदाशी ताडायचं. एंट्री करताना मात्र ऑफिसात एकच कीबोर्ड लेआऊट, आणि दोन्ही तऱ्हा ओळखून एकीत आणणारी छोटी स्क्रिप्ट पोरांनी लिहिलीय, चांगली लिहिलीय.

१६ जुलै

आज कमिटीसमोर बसून सहीची किल्ली, म्हणजे डिजिटल सही करायचा गुप्त आकडा, कुणाकडं ह्यावर चर्चा झाली, लांब चालली आणि चालायलाच पाहिजे होती. एका सदस्यांनी नेमका मुद्दा काढला, डिजिटल सही असताना ब्लॉकचेन पाहिजेच कशाला? सही खरी आहे हे सहीवरून कळतंच की.

ह्याचं उत्तर आमच्या कसोटीतच आहे. संस्था चालू आहे तोवर सही पुरते. पण समजा संस्था बंद पडली, सहीची किल्ली असलेला लॅपटॉप भंगारात गेला, कुणाच्या तरी हाती लागला. तो माणूस आमच्या खऱ्या किल्लीनं २०२५ ची तारीख घालून हवी तितकी सर्टिफिकेटं काढेल आणि सगळ्यांवरच्या सह्या एकदम बरोबर दिसतील, आणि त्यामुळं खऱ्या पोरांचे कागद पण मातीमोल होतील. चेनवरची वेळ हे थांबवते. ज्या बॅचचा ठसा त्या तारखेच्या ब्लॉकमध्ये नाही ती बॅच खोटी, सही कितीही बरोबर असली तरी. मागची तारीख घालायला कुणाला जमणार नाही, आम्हालाही नाही. म्हणजे सही सांगते कुणी दिलं, चेन सांगते त्या दिवशी ते होतं, दोन्ही लागतात.

किल्ली एड२५५१९ ह्या सहीच्या पद्धतीची, इंटरनेटला कधी न जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर तयार केली. तिचे तीन भाग शमीरच्या पद्धतीनं, कुठलेही दोन एकत्र आले की किल्ली बनते, एकट्या भागाचा काही उपयोग नाही. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, बंद पाकिटात. कमिटी बदलली की जुन्या किल्लीनं नव्या किल्लीवर सही करायची आणि तीही नोंद चेनवर.

१९ जुलै

सगळ्यात अवघड प्रश्न आज सुटला असं वाटतंय. किल्ली आमचीच आहे हे बाहेरच्याला कसं कळणार? वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल (डिजिटल सर्टिफिकेट) पद्धतीत, जी २०१९ पासून पक्की आहे, संस्थेची ओळख डीआयडीनं (डिजिटल ओळखीचा पत्ता) देतात, आणि छोट्या संस्थेला त्यातलं डीआयडी वेब सोपं पडतं, आपल्या वेबसाईटवर किल्लीच्या उघड्या भागाची (ज्यानं सही तपासता येते, करता येत नाही) फाईल ठेवली की झालं. पण डोमेन आपण दरवर्षी भाड्यानं घेतो. संस्था बंद, भाडं बंद, डोमेन दुसऱ्याच्या नावावर, आणि मग तो तिथं स्वतःची किल्ली ठेवू शकतो. कसोटीला टिकत नाही. चेनवर संस्थेचं नाव लिहून ठेवावं तर आमचं नाव कुणीही लिहू शकतो, चेन काही ओळखपत्र बघत नाही.

उत्तर जुन्याच माणसांनी देऊन ठेवलंय. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा ह्या दोघांनी १९९१ मध्ये डॉक्युमेंटवर वेळेचा शिक्का मारायची पद्धत मांडली, बिटकॉइनच्या मूळ पेपरात त्यांचे संदर्भ आहेत, आणि त्यांची कंपनी १९९५ पासून दर आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायची. का, तर पेपर एकदा वाटला गेला की सगळ्या प्रती परत गोळा करून बदलणं कुणालाच शक्य नाही. आणि आपल्याकडं तर जाहीर नोटीस ही रोजची गोष्ट आहे, नाव बदललं, मार्क्स कार्ड हरवलं, जागेचा व्यवहार, वकिलामार्फत नोटीस येतेच पेपरात. मग संस्थेच्या किल्लीच्या उघड्या भागाचा ६४ अक्षरी ठसा, संस्थेचं रजिस्टर नंबरसकट नाव, अध्यक्ष-सेक्रेटरींची नावं, अशी जाहीर नोटीस एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात. तोच ठसा प्रत्येक सर्टिफिकेटवर तळाला आणि वार्षिक अहवालात. वाचनालयात पेपरच्या फाईली राहतात, संस्था राहो न राहो. काकांना हे इतकं पटलं की त्यांनी स्वतः नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला.

२ ऑगस्ट

रद्द करायचं कसं. चुकून दिलेलं, किंवा परीक्षेत भलताच प्रकार निघाला तर मागं घ्यायला लागतं, आणि चेनवरचं पुसता येत नाही. ह्यासाठी डब्ल्यूथ्रीसीची बिटस्ट्रिंग स्टेटस लिस्ट आहे, यंदाच मे मध्ये पक्की झाली. कमीत कमी १,३१,०७२ बिटांची पट्टी, १६ केबी, प्रत्येक सर्टिफिकेटला त्यात एक जागा, ० म्हणजे चालू, १ म्हणजे रद्द. पट्टी एवढी मोठी मुद्दाम ठेवतात, म्हणजे तपासणारा अख्खी पट्टी घेतो आणि कुणाचं सर्टिफिकेट बघितलं गेलं ते आम्हाला कळत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, पोरगं कुठं कुठं नोकरी शोधतंय ते जुन्या संस्थेला कळायची गरज नाही.

पण पट्टी कुठंतरी ठेवायला लागते आणि ती जागा बंद पडू शकते. ठरलं असं की दर तीन महिन्यांनी पट्टीवर सही करून तिचा पण ठसा चेनवर, प्रती तीन वेगळ्या ठिकाणी. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर मोबाईलवर दिसणाऱ्या तपासणीच्या पानावर एकच हिरवी बरोबरची खूण दाखवायची नाही. तीन ओळी दाखवायच्या, सही जुळली का, कुठल्या तारखेच्या आधीपासून हे सर्टिफिकेट होतं, आणि रद्द यादी कुठल्या तारखेपर्यंतची बघितली. संस्था बंद झाली तर तिसरी ओळ जुन्या तारखेला थांबेल, आणि तपासणाऱ्याला ते स्पष्ट दिसेल, मग त्यानं ठरवावं.

९ ऑगस्ट

त्या बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटमधल्या एक ताई भेटायला आल्या, त्यांच्या सर्टिफिकेटला चेनवर टाकाल का म्हणून. स्पष्ट सांगायला लागलं, आणि सांगताना वाईट वाटलं. आज त्या कागदाचा ठसा चेनवर टाकला तर एवढंच सिद्ध होतं की २०२५ मध्ये हा कागद होता. २००९ मध्ये तो दिला का, देणाऱ्यानंच दिला का, ह्यावर चेनला काही म्हणता येत नाही, आणि जे असं विकतात ते लोकांना फसवतात. त्यांना आम्ही जे देऊ शकतो ते वेगळं, टायपिंगची आज परीक्षा घेऊ, इंग्लिश आणि मराठी दोन्ही, आणि आज जे येतं त्याचं सर्टिफिकेट आमच्या सहीनं. त्या हो म्हणाल्या. फी घ्यायची नाही असं कमिटीला सांगितलंय.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. अनंत चतुर्दशीपर्यंत कुणी मिळणार नाही, काम बंद.

१२ सप्टेंबर

उद्यमबागेत एका ओळखीच्या शॉपमध्ये सॅम्पल घेऊन गेलो. हायड्रॉलिकचे पार्ट करतात, मशीनच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडूनच. सुपरवायझरनी हात पुसून मोबाईल काढला, क्यूआर स्कॅन केला, शेडच्या आत नेटवर्क एक काडी. पान पहिल्यांदा एकदा उघडून ठेवलेलं असल्यानं ऑफलाईन चाललं, तिन्ही ओळी आल्या. मग ते म्हणाले, "खरं आहे ते कळलं की ओ, पण पोराला काय येतंय ते कुठं लिहिलंय? ए ग्रेड म्हणजे काय समजायचं मी? फानुकच्या कंट्रोलवर ऑफसेट घेता येतो का? जॉब लावता येतो का? नुसतं बटण दाबणारा पाहिजे असला तर मला सर्टिफिकेट कशाला लागतंय."

शंभर टक्के बरोबर बोलले. एवढी सगळी खटपट करून आत जर नुसता ए ग्रेड असेल तर काय पक्कं केलं आपण? परत येऊन व्हीएमसीच्या सरांबरोबर बसलो. आता फाईलमध्ये लिहायचं, कुठला कंट्रोल, थ्री ॲक्सिस की कसं, टूल ऑफसेट आणि वर्क ऑफसेट स्वतः घेतला का, ड्रॉईंग वाचून केलेला टेस्ट जॉब कुठला, मटेरियल कुठलं, मायक्रोमीटरनं मोजल्यावर टॉलरन्समध्ये बसला का, आणि परीक्षा कुणी घेतली. पेशंट केअरला पण तसंच, बीपी घेता येतो असं मोघम न लिहिता कुठल्या वॉर्डात किती आठवडे, कुणाच्या देखरेखीखाली. सरांचं काम वाढलं पण ते खूश आहेत.

२० सप्टेंबर

माहिती वाढली तशी क्यूआर फुगला. मराठी आणि कन्नडचं एक-एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, तिन्ही लिप्यांतलं नाव, सही ६४ बाइट, मर्कलची वाट १९२, वर हे सगळे तपशील. क्यूआरमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट बसतात म्हणे, पण तेवढा दाट क्यूआर झेरॉक्स केला की गेला, आणि आपल्याकडं प्रत्येक कागदाची आधी झेरॉक्स होते आणि मग लॅमिनेशन. कोर्सचं वर्णन कोडमध्ये आणि तपासणीच्या पानात ठेवून व्हर्जन २५ मध्ये बसवलं, ११७ बाय ११७ चौकोन, एम लेव्हल, म्हणजे साधारण १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढून, ट्यूबलाईटखाली लॅमिनेशनवर चमक पाडून बघितलं, वाचतोय.

चेनचा पुरावा मात्र क्यूआरमध्ये नाही, तो पूर्ण बॅचला एकच असतो, वेगळी छोटी फाईल. ती पोराच्या मेलवर, संस्थेत, आणि तपासणीच्या पानातच घालून ठेवलेली.

४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर पहिलं काम. नोटीस मराठी आणि कन्नड दोन्ही पेपरात आली, ६४ अक्षरं आम्ही टाईप करायला दिलीच नव्हती, तयार पीडीएफ दिली होती, तरी छापून आल्यावर मी आणि मॅडमनी एकेक अक्षर मोठ्यानं वाचून ताडून बघितलं. पाकिटं उघडली, किल्ली जोडली, बॅचवर सह्या झाल्या, वरचा ठसा ओपनटाईमस्टॅम्प्सला दिला. लगेच जो पुरावा मिळतो तो कच्चा असतो, त्यात फक्त त्यांच्या कॅलेंडर सर्व्हरचं वचन असतं. बिटकॉइनचा ब्लॉक साधारण १० मिनिटांनी येतो पण आपला ठसा असलेलं ट्रान्झॅक्शन जायला काही तास लागू शकतात, ते गेल्यावर पुरावा अपग्रेड करायचा, मगच तो कुणाच्या सर्व्हरशिवाय उभा राहतो. कच्चा पुरावाच ठेवला आणि पुढं ते सर्व्हर बंद झाले तर हातात काही नाही, म्हणून अपग्रेड झाल्याशिवाय एकही सर्टिफिकेट वाटायचं नाही असा लेखी नियम केला.

संध्याकाळी अपग्रेड झाला. तपासायला अख्खी चेन लागत नाही, प्रत्येक ब्लॉकचं हेडर ८० बाइटचं, २००९ पासूनचे नऊ लाखांवर ब्लॉक, सगळी हेडरं मिळून ७० एमबीच्या आसपास, साध्या मोबाईलमध्ये मावतात. इंजिनिअरिंगच्या पोरांनी वेबसाईट बंद ठेवून, संस्थेचं वायफाय बंद ठेवून, पेनड्राईव्हवरच्या कोडनं एक सर्टिफिकेट तपासलं आणि जुळलं. कसोटी पास. त्या दोघांचा मला फार अभिमान वाटतोय.

१८ ऑक्टोबर

चंदगडकडची एक मुलगी कागलला पेशंट केअरच्या जागेसाठी गेली होती, तिचा फोन आला, त्यांनी तिथंच स्कॅन केलं, लेटर मागितलं नाही, सोमवारी रुजू व्हायला सांगितलं. दुसऱ्या एका मुलाला मात्र एचआरनं हे नको, शिक्क्याचं लेटरच पाहिजे म्हणून सांगितलं, ते पण दिलं त्याच दिवशी. लेटर द्यायचं आम्ही थांबवणार नाही, पोराची नोकरी महत्त्वाची.

८ नोव्हेंबर

निपाणीच्या एका संस्थेला जोडून घ्यायचं आहे. ते म्हणाले तुमच्याच किल्लीनं आमच्या सर्टिफिकेटवर सही करा, सोपं पडेल. मी नको म्हटलं. त्यांच्या पोरांना काय शिकवलं ते आम्ही बघितलेलं नाही, त्यांची किल्ली त्यांची, नोटीस त्यांच्या नावानं, सॉफ्टवेअर आणि मदत आमच्याकडून फुकट. ठसे मात्र एकत्र पाठवता येतील. ते तयार झाले, त्यांचं रजिस्टर पुढच्या आठवड्यात बघायला जायचंय.

तपासणीच्या पानाची कन्नड बाजू एका कन्नड शाळेच्या मास्तरांनी तपासून दिली, पुष्कळ दुरुस्त्या आहेत, आधी त्या घालायच्या. रद्द पट्टीची पहिली तिमाही जानेवारीत संपते. पुढच्या बॅचची प्रूफ शीट सोमवारी छापायला, पेशंट केअरची आधी, कारण त्यांना डिसेंबरमध्ये हॉस्पिटलला कागद द्यायला लागतील.